सील बदललं, तरी तेल गळतंच

जुन्या जिप्सीच्या मागच्या चाकाला आतल्या बाजूने तेलाचा काळा ओघळ दिसला की गॅरेजमधलं निदान ठरलेलं असतं: ऑइल सील गेलं. निदान बहुतेक वेळा बरोबरही असतं. ड्रम उतरतो, शाफ्ट बाहेर येतो, नवं सील बसतं आणि संध्याकाळी गाडी मालकाच्या ताब्यात मिळते. काही महिन्यांनी त्याच चाकाला पुन्हा ओल दिसली की खापर सीलवर फुटतं, माल डुप्लिकेट होता म्हणून. डुप्लिकेट माल बाजारात येतो, हे खरंच. तरीही माझं म्हणणं असं आहे की सील बऱ्याचदा दुसऱ्याच्या बिघाडाची शिक्षा भोगत असतं. तो बिघाड न शोधता सील बदलणं म्हणजे अर्धवट दुरुस्ती. जिप्सी १९८५ साली आली आणि तिचं उत्पादन थांबूनही आता बरीच वर्षं झाली. त्यामुळे आज चालत असलेल्या प्रत्येक जिप्सीचा ॲक्सल जुना आहे आणि हा प्रश्न तिच्या मालकाला कधी ना कधी पडणारच.

मागचा ॲक्सल म्हणजे एक आडवी पोलादी पोकळी. मधल्या फुगीर भागात डिफरन्शियल, त्यात गिअर ऑइल, आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधून चाकांकडे जाणारे शाफ्ट. गाडी आडव्या उतारावर कलली की तेल नळीतून टोकाकडे धावतं; तिथे त्याला अडवायला सील असतं. सील म्हणजे पत्र्याचं कडं आणि त्यावर बसवलेली रबराची पातळ लिप. लिपच्या मागे तेलाच्या बाजूला बारीक स्प्रिंगचं कडं असतं, ते लिपला फिरत्या शाफ्टवर अलगद दाबून धरतं. प्रत्यक्ष स्पर्श होतो तो केसाएवढ्या रेषेत. आत-बाहेर हवेचा दाब जवळपास सारखा आहे, शाफ्ट गुळगुळीत आहे आणि तो मधोमध फिरतो आहे, या तीन गोष्टी धरूनच ही रचना केलेली असते. यातली एक जरी बिघडली तरी नवंकोरं सीलही टिकत नाही.

पहिली गोष्ट दाबाची, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित तीच. ॲक्सलच्या वरच्या अंगाला ब्रीदर नावाची लहानशी टोपी असते. चालताना आतलं तेल आणि हवा तापते, फुगलेली हवा ब्रीदरमधून बाहेर जाते, गाडी थंड झाली की परत आत येते. कोकणातला लाल चिखल या टोपीवर बसला आणि उन्हाने वाळला की ती बंद होते. बंद जागेतली हवा ३० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापली तर तिचा दाब सुमारे एक षष्ठांशाने वाढतो. हा दाब लिपला शाफ्टवर जोरात आवळतो, घर्षण वाढतं, रबर तापून कडक होतं आणि शेवटी तेल वाट काढतं. याच्या उलट प्रकार जास्त घातक. आंबोलीसारखा घाट चढून तापलेली गाडी थंड ओढ्यात उतरवली की आतली हवा एकदम आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलमधून बाहेरचं पाणी ओढू पाहते. लिपची रचना आतलं तेल अडवण्यासाठी असल्याने बाहेरून आत येणाऱ्याला ती फारशी अडवत नाही. म्हणून सील बदलण्याआधी ड्रेन प्लग उघडून तेलाचा रंग बघावा. ते दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलेलं आहे, आणि तिथे नुसतं सील बदलून भागत नाही. ब्रीदर काढून पेट्रोलने धुणं, फुंकून हवा जाते का बघणं, एवढं काम पाच मिनिटांचं आहे. पाण्यातून नेहमी जाणाऱ्यांनी तर तिथे रबरी नळी जोडून तिचं तोंड उंचावर न्यावं.

दुसरी गोष्ट शाफ्टची. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घासून लिप पोलादावरही चर पाडते. बाहेर काढलेल्या शाफ्टवर सीलच्या जागी नख आडवं फिरवावं. नख अडकलं तर नवी लिपही त्याच चरात बसणार आणि गळणार. चर उथळ असेल तर सील दीड-दोन मिलिमीटर अलीकडे-पलीकडे बसवून लिपला कोरी जागा देता येते, अर्थात सीलच्या खोबणीत तेवढी जागा असेल तर. चर खोल असेल तर वर पातळ पोलादी स्लीव्ह चढवावी किंवा शाफ्ट बदलावा. पॉलिश पेपर मारायचाच तर तो शाफ्टभोवती गोल फिरवावा. लांबीच्या दिशेने मारलेले ओरखडे तेलाला बाहेर पडायला वाटा करून देतात, तिरके ओरखडे तर फिरताना ते चक्क बाहेर ढकलतात. तिसरी गोष्ट बेअरिंगची. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं आणि ते नेहमीपेक्षा जास्त हललं, तर शाफ्ट मधोमध फिरत नाही आणि लिपला प्रत्येक फेऱ्यात एका बाजूला दाब, दुसऱ्या बाजूला फट मिळते. हे बेअरिंग शाफ्टवर प्रेसने बसवलेलं असतं आणि त्याला धरणारं कडं कापूनच काढावं लागतं. म्हणून काम वाढतं, आणि म्हणूनच ते टाळलं जातं.

यावर रास्त आक्षेप आहे: रबर जुनं झालं, एवढं कारण पुरेसं नाही का? काही गाड्यांत पुरेसं असतं. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत लिप सुकून कडक होते आणि बाकी सगळं ठणठणीत असतं. पण हे कळतं ते बाकीच्या तीन गोष्टी तपासल्यावरच. दुसरा आक्षेप खर्चाचा. सील स्वस्त आहे, बेअरिंग महाग. आधी स्वस्त वस्तू बदलून बघू. यात सीलची किंमत तेवढी मोजलेली असते. ड्रम, ब्रेकची पाइप, शाफ्ट काढण्याची मजुरी, नवं तेल आणि पुन्हा ब्रेकमधली हवा काढणं हे दोन्ही वेळा सारखंच येतं. शाफ्ट हातात असताना बेअरिंग फिरवून बघायला एक पैसाही लागत नाही. गळती थांबवणारं रसायन तेलात टाकण्याचा सल्लाही मिळतो. असं रसायन रबर फुगवतं, त्यामुळे कडक झालेली लिप काही काळ सावरते. शाफ्टवरचा चर मात्र ते बुजवत नाही आणि हलणारं बेअरिंगही धरत नाही.

पुढच्या ॲक्सलला तर ओल दिसते एकीकडे आणि दोष असतो दुसरीकडे. स्टिअरिंगच्या गोल नकलमध्ये ग्रीस असतं. आतलं सील गेलं की डिफरन्शियलचं तेल त्यात मिसळतं आणि ग्रीस पातळ होऊन बाहेरच्या सीलमधून ठिबकतं. बाहेरचं सील बदलणं सोपं, म्हणून तेच बदललं जातं, आणि आतून तेल येतच राहतं. ठिबकणारं ग्रीस पातळ आणि गंधकाच्या उग्र वासाचं असेल तर नकल खोलावीच लागेल.

थोडं गळलं तर काय झालं, तेल भरत राहू, असं म्हणणारेही बरेच आहेत. मागच्या ॲक्सलच्या बाबतीत हे ऐकूच नये. गळलेलं तेल ब्रेक ड्रममध्ये जातं आणि लायनर ते शोषून घेतात. मग एका चाकाचा ब्रेक लागतो, दुसऱ्याचा लागत नाही किंवा एकदम पकडतो, आणि ओल्या घाटरस्त्यावर गाडीचा मागचा भाग फिरतो. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन वरून सुके दिसतात, पण तापल्यावर आतलं तेल पुन्हा वर येतं. म्हणून ते टाकून द्यावे लागतात आणि दोन्ही चाकांचे एकदम बदलावे लागतात. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्यांची धूळ हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. नवं सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवावी, लिपला ग्रीस लावावं, कारण कोरडी लिप पहिल्या काही फेऱ्यांतच जळते, आणि शाफ्ट आत घालताना त्याच्या दात्यांनी ती फाटणार नाही असा तो उचलून धरावा. तेल भरताना गाडी सपाट जागी उभी करून ते फिलर प्लगच्या कडेपर्यंतच भरावं, कारण जास्त भरलेलं तेल पुन्हा सीलवरच येतं.