लाँग वीकेंड आणि ग्रामसभा

'सिस्टीमच बंडल आहे यार!' हिंजवडीच्या कॅन्टीनमध्ये हा डायलॉग मीही मारायचो. मग २६ जानेवारीच्या सुट्टीत गावी, बीडच्या वडवणी तालुक्यात गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेला बसलो.

माणसं मोजून २३! अर्धं गाव ऊसतोडीला. दसरा-दिवाळीनंतर निघालेले कोयते पाडव्याच्या सुमारास परततात. कोरम लागतो १०० मतदार किंवा १५ टक्के, जो कमी असेल तो. सभा तहकूब! आणि तहकूब सभेला कोरमची अटच नसते. म्हणजे तांड्यावरच्या नळाचा निकाल तांडा गावात नसतानाच लागणार.

उठलो. क्लायंटसमोरही पाय एवढे लटपटले नव्हते. म्हणालो, 'हा विषय १ मेला घ्या.' लेखी अर्जही दिला.

एक काका हसले, 'दोन दिसानं जाशील पुण्याला. मंग कोण बघणार?'

बोचलं. खोटं थोडंच होतं?

१ मेला पुन्हा एसटी पकडली. चावडी भरलेली. नुकतीच ऊसतोडीवरून आलेली एक मावशी अशी काही बोलली, की माझी गरजच उरली नाही. नळाचा ठराव झाला. पाणी अजून यायचंय.

म्हणून १५ ऑगस्टचं लोणावळा कॅन्सल. तुमच्या गावची सभा कधी आहे, विचारलंत का?