भिंतीतली गळती आणि टाकीतली काठी

मराठवाड्यातल्या सास्तूर भागातल्या जुन्या घरांवर माळवद असे. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि वर मातीचा थर. पावसाळ्यात माळवद कुठे ना कुठे गळायचेच आणि त्यावर उपायही ठरलेला होता. पांढरी माती आणायची आणि वर आणखी एक थर द्यायचा. थरावर थर चढत गेले आणि कित्येक घरांची छते दीड-दोन फूट जाड झाली. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी 6.2 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा चिखलात रचलेल्या दगडी भिंती फाकल्या आणि ते सगळे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. भूकंपाला नाव किल्लारीचे मिळाले, पण त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेले सास्तूरही त्यात जमीनदोस्त झाले. ज्या 52 गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, त्यांत सास्तूर आहे.

नव्या घरांची भिस्त मातीवर नाही, सळईवर आहे. काँक्रीटच्या पट्ट्यांत आणि स्लॅबमध्ये ओवलेले लोखंड भिंतींना एकत्र बांधून ठेवते. पुढे लोकांनी सोयीप्रमाणे खोल्या वाढवल्या, न्हाणी आत घेतली, छतावर टाकी बसवली, भिंत कोरून पाइप गाडले. आता गळती झाली तर ती डोक्यावर टपटपत नाही, भिंतीच्या पोटात मुरते. चांगल्या काँक्रीटमध्ये लोखंड सुरक्षित असते, कारण सिमेंटच्या अल्कधर्मामुळे त्यावर संरक्षक पापुद्रा तयार होतो. काँक्रीट वर्षानुवर्षे ओले-कोरडे होत राहिले की हा पापुद्रा टिकत नाही. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा मागतो. ती जागा मिळवताना तो काँक्रीट आतून फोडतो. स्लॅबचे ढलपे पडून सळई उघडी दिसते, तोवर हे काम बरेच पुढे गेलेले असते.

त्यात आपली काळी जमीन. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पायाशी एका कोपऱ्यातच पाणी मुरत असेल, तर तेवढाच कोपरा उचलला जातो आणि भिंतीला तिरकी चीर पडते, दार चौकटीत अडकू लागते. दुष्काळी उन्हाळ्यात एकच दार अचानक घट्ट बसायला लागले, तर सुताराला बोलावण्याआधी त्या भिंतीतला पाइप तपासावा.

तो तपासायचा कसा? शहरी पुस्तकांतला सल्ला असा की सगळे नळ बंद करा आणि मीटरचा काटा फिरतो का ते पाहा. कराडजवळच्या मलकापुरात चोवीस तास पाणी आणि घरोघरी मीटर आहे, तिथे हे जमेल. पण आपल्याकडच्या बहुतेक खेड्यांत नळाला मीटर नसते आणि पाणी काही दिवसांआड, ठरावीक वेळच सुटते. म्हणून तर प्रत्येक घरात टाकी किंवा हौद असतो. गळती मोजायला तोच पुरतो, आणि माझ्या मते मीटरपेक्षा बराही, कारण तो घरातल्या पाइपांचे आणि स्वतःचे असे दोन हिशेब वेगवेगळे देतो.

रात्री निजताना टाकीत येणारे पाणी बंद करावे, घरातल्या सगळ्या तोट्या आवळाव्यात, पण टाकीतून घरात जाणारा कॉक उघडाच ठेवावा. एक सरळ काठी तळापर्यंत उभी बुडवून ओल्या रेषेवर खूण करावी. सकाळी कोणी तोंड धुवायच्या आत पुन्हा काठी बुडवावी. एक मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी एक सेंटीमीटर उतरली, तर सुमारे 8 लिटर पाणी गेले. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद हौदात तोच सेंटीमीटर 30 लिटरचा. दुसऱ्या रात्री हाच प्रयोग कॉक बंद करून करायचा. तरीही पातळी उतरली तर टाकीच गळकी आहे किंवा कॉक नीट बंद होत नाही. उतरली नाही, तर पाणी पाइपांतून जाते आहे. मग न्हाणी, स्वयंपाकघर, संडास यांच्या फांद्यांना वेगळे कॉक असतील, तर एकेक बंद करत जाऊन वाट शोधता येते.

हौद उघडा असेल तर एक फसगत संभवते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी निव्वळ वाफेने दिवसाला सेंटीमीटरभर उतरू शकते. त्यासाठी हौदाशेजारी भरलेली बादली ठेवून तिच्यातही खूण करावी. दोन्हींत पाणी सारखेच उतरले तर ते उन्हाने नेले. हौदातले जास्त उतरले तर जास्तीचे तेवढे गळतीचे.

इतक्या खटपटीने हाती काय लागणार, असे वाटेल. छिद्रातून पाणी किती वेगाने सुटते याचा नियम टॉरिचेल्लीने 1644 साली मांडला. हा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर ठरतो. टाकीतली पातळी पाइपाच्या तीन मीटर वर असेल, तर वेग सेकंदाला साडेसात मीटरहून थोडा अधिक. छिद्र फक्त एक मिलिमीटरचे धरले आणि पाण्याची धार छिद्राबाहेर पडताना आकसते हे लक्षात घेतले, तरी दिवसाला 300 लिटरच्या आसपास पाणी जाते. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराचा दिवसाचा वाटा एका छिद्रातून गेला. छिद्राचा व्यास दुप्पट झाला की गळती चौपट होते. गळती भिंतीच्या आत असेल, तर हे सगळे आवाज न करता चालते.

अगदीच आवाज न करता असेही नाही. रात्री सगळे निजल्यावर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक पाइपावर टेकवून मूठ कानाशी धरली, तर दाबाखालच्या गळतीची फिस्स ऐकू येते. मोठ्या शहरांतले गळती शोधणारे कर्मचारी लोखंडी कांब घेऊन हेच करत आले आहेत. प्लास्टिकच्या पाइपातून मात्र आवाज फार दूर जात नाही, तिथे जागा बदलत राहावे लागते.

भिंत वाचणेही थोडे शिकावे लागते. जमिनीतून चढणारी ओल बहुधा कमरेच्या खालीच थांबते, तिच्या वरच्या कडेला क्षारांची पांढरी रेघ उमटते आणि ती लांबवर आडवी पसरते. पाइपाची ओल एका ठिकाणाहून सुरू होते आणि पाऊस संपल्यावरही वाळत नाही. मात्र डाग जिथे दिसतो तिथेच गळती असेल असे धरून चालू नये. सळई किंवा विजेच्या नळीच्या कडेने पाणी कित्येक फूट सरकते. उगाच चार ठिकाणी भिंत फोडणारा फिटर आणि आधी टाकी मोजणारा फिटर यांच्यात मी दुसऱ्याला जास्त पैसे द्यायला तयार आहे.

टाकीच्या अलीकडचा, म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतचा पाइप या प्रयोगात येत नाही. तो नळ सुटलेला असतानाच पाहावा लागतो. कोरडी जमीन पाणी आल्यावर अर्ध्या तासात काळी पडली तर गळती तिथे आहे. ही गळती सगळ्यांत वाईट, कारण पाणी बंद झाले की पाइपातला दाब उतरतो आणि त्याच फटीतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या वेळी ते आधी आपल्या घागरीत येते. म्हणून सुरुवातीचे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये आणि ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून आपल्या तोटीच्या पाण्याची, क्लोरीन तपासणारी ओटी चाचणी करून घ्यावी. भारतीय मानकानुसार लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. ते असले की नळीतले पाणी पिवळसर होते. शेजाऱ्याच्या तोटीवर पिवळे आणि आपल्या तोटीवर पांढरेच राहिले, तर दोन्ही घरांमधला पाइप उकरायला घ्यावा.