शोधशब्द ग्राहकाच्या तोंडचा हवा

दुकान थाटणाऱ्यास मोक्याची जागा हवी असते, हे कोणास शिकवावे लागत नाही. संकेतस्थळ थाटणाऱ्याची मोक्याची जागा मात्र शब्दांत असते. ग्राहक शोधयंत्रात जे शब्द टंकतो, ते आपल्या पृष्ठावर असतील तर तो आपल्या दारी येण्याचा संभव. नसतील तर माल कितीही उत्तम असो, त्याला तो दिसावा कसा? आपल्याकडील छोट्या व्यावसायिकांनी या गोष्टीचा अद्याप पुरेसा विचार केलेला नाही.

कोकणातील आंबा बागायतदाराचेच उदाहरण घेऊ. ‘उत्कृष्ट दर्जाची फळे व फलोत्पादने’ असे तो मोठ्या अभिमानाने आपल्या पृष्ठाच्या माथ्यावर लिहितो. परंतु आंबा हवा असलेला कोणता गृहस्थ हे शब्द टंकील? पुण्याचा ग्राहक ‘हापूस’ लिहितो, तोही कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत. गुजरातेत त्याचा ‘हाफुस’ होतो. दिल्लीत आणि परदेशी ‘अल्फान्सो’. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील या आंब्यास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही ‘अल्फान्सो’ याच नावाने. एकाच फळाची ही सारी नावे पृष्ठावरील मजकुरात स्वाभाविकपणे आली पाहिजेत.

दुसरा प्रश्न शब्द किती व्यापक असावा, हा. नुसते ‘आंबा’ टंकणाऱ्यास कदाचित फळाची माहिती हवी असेल, कदाचित लोणच्याची कृती. शिवाय अशा व्यापक शब्दावर मोठ्या व्यापाऱ्यांची गर्दी असते. शोधशब्दांना जोडलेल्या जाहिरातींची जागा गूगल २००० सालापासून विकत आले आहे आणि ती लिलावाने ठरते. त्या चढाओढीत लहान बागायतदाराचा पाड लागणे कठीण. याउलट ‘देवगड हापूस पाच डझन पेटी पुण्यात घरपोच’ असे शोधणारे थोडे असतील, पण त्यांचा खरेदीचा निश्चय झालेला असतो. लहान धंद्याचे हित अशा नेमक्या शब्दसमूहांत आहे. ग्राहकाच्या मनातील शंकेचाही शब्द होतो. कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, तरी धास्ती जात नाही. म्हणून ‘अढीत पिकविलेला’ या आपल्या शब्दाशेजारी ‘कार्बाइडविरहित’ हा ग्राहकाचा शब्दही असावा. अर्थात ते खरे असेल तरच.

हे शब्द शोधावयास खर्च येत नाही. शोधपेटीत दोन अक्षरे टंकताच खाली येणाऱ्या सूचना या पुष्कळ अंशी लोकांच्या शोधांतूनच आलेल्या असतात. गूगल ट्रेंड्सवर कोणता शब्द कोणत्या महिन्यात वाढतो ते दिसते. सर्च कन्सोलवर आपले पृष्ठ कोणत्या शब्दांनी लोकांपुढे आले ते कळते. दोन्ही साधने विनामूल्य आहेत. याहून चांगले साधन म्हणजे साधी वही. दूरध्वनीवर गिऱ्हाईक जे विचारते, ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे.

शब्द सापडले म्हणून ते वाटेल तसे कोंबू नयेत. एकेकाळी पृष्ठाच्या अदृश्य भागात शब्दांच्या याद्या भरीत, पांढऱ्यावर पांढरी अक्षरे लिहीत. त्या अदृश्य यादीचा क्रमवारीसाठी उपयोग करीत नसल्याचे गूगलने २००९ साली जाहीर केले, आणि लपविलेला मजकूर हा तर दंडास पात्र अपराध ठरतो. पृष्ठाचे शीर्षक, पहिला परिच्छेद आणि छायाचित्राखालील ओळ, यांत शब्द सरळपणे यावा, एवढे पुरे.

येथे प्रश्न केवळ विक्रीचा नाही. परप्रांतीचा आंबा देवगडच्या नावाने खपविला जातो, ही तक्रार जुनी आहे. ज्याच्या बागेत तो खरोखर पिकतो, त्यानेच आपल्या गावाचे व फळाचे नाव नीट लिहिले नाही, तर ती जागा दुसरा कोणी बळकावील. मग मानांकनाचे प्रमाणपत्र भिंतीवर राहील आणि ग्राहक भलत्याच दारी जाईल.

शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांना या कामात मोठे साहाय्य करता येईल. अर्जातील नेमका शब्द निवडणाऱ्यास, विद्यार्थ्यांच्या निबंधातील पोकळ विशेषणे खोडणाऱ्यास ही कला अवघड नाही. गावाकडे कोणा आप्ताची बाग असेल, कोणाचा मसाल्याचा वा पापडांचा धंदा असेल, तर एक सायंकाळ त्यांच्याबरोबर बसून त्यांचे पृष्ठ वाचावे आणि प्रत्येक ओळीस विचारावे, हे कोणी शोधील काय? शोधयंत्राने नव्या मजकुराची दखल घ्यावयास अनेकदा आठवडे, कधी महिनेही जातात. तेव्हा पेट्या भरण्याच्या वेळी धावाधाव करण्यापेक्षा, झाडाला मोहोर येतो त्याच सुमारास हे काम उरकलेले बरे.