इंद्रजालाचे खरे नाव

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

यवतमाळातल्या माझ्या एका मित्राच्या दुकानात गल्ल्याच्या वर काचेच्या चौकटीत एक काळसर जाळी टांगलेली असे. मी विचारले, तर म्हणाला, "इंद्रजाल आहे, भाई. जंगलातली जडी. जत्रेत घेतली. धंद्याला नजर लागत नाही." दुकान हिंदूचे असो की मुसलमानाचे, नजरेची भीती दोघांनाही सारखीच. मी मान डोलावली. कवी माणूस, मला तर ते नावच आवडले.

पुढे कळले की फसवणूक त्या नावातच आहे. इंद्रजाल म्हणून जी वस्तू देशभर विकली जाते, ती बहुतेक वेळा वनस्पती नसते. तो समुद्रातल्या प्रवाळांचा वाळलेला सांगाडा असतो. कधी गॉर्गोनियन, म्हणजे 'सी फॅन' किंवा समुद्रपंखा. कधी काळे प्रवाळ. हे प्राणी आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 साली त्यांचा समावेश झाला. ते बाळगणे आणि विकणे हा गुन्हा आहे आणि शिक्षा 3 ते 7 वर्षे कैद. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या आमच्या जिल्ह्यात हे कोणाच्या ध्यानीमनी असणार?

मग ओळख पटवायची कशी? पहिली खूण साध्या डोळ्यांना दिसते. झाडाची फांदी एकदा फुटली की सहसा दुसरीला जाऊन चिकटत नाही. पुष्कळ समुद्रपंख्यांत मात्र फांद्या पुन्हा पुन्हा जुळतात आणि चाळणीसारखी जाळी तयार होते. पण ही नुसती शंका झाली, पुरावा नव्हे.

जिवंत गॉर्गोनियनच्या फांदीवर असंख्य चिमुकले जीव असतात आणि प्रत्येकाला पिसासारखे आठ बाहू असतात. काळ्या प्रवाळाच्या जीवाला सहा. गॉर्गोनियनच्या मांसल सालीत चुन्याचे अतिसूक्ष्म कण रुतलेले असतात. सालीचा तुकडा ब्लीचच्या पाण्यात ठेवला की मांस विरघळते आणि कण खाली बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली कोणता कण टकळीसारखा दिसतो, कोणता गदेसारखा. जात ठरते ती मुख्यतः या आकारांवरून.

अडचण अशी की बाजारातल्या तुकड्याची साल बहुधा गेलेली असते. कण नाहीत, बाहू नाहीत, उरतो नुसता कणा. तेव्हा प्रामाणिक तज्ज्ञ 'गॉर्गोनियन, जात अनिश्चित' असे लिहून थांबतो. कायद्याला तेवढे पुरते, कारण संरक्षण सगळ्याच गॉर्गोनियनना आहे. पण तो तुकडा कोणत्या समुद्रातून ओरबाडला, याचा माग मात्र अर्धवट राहतो.

म्हणूनच नोंदीसोबत नमुना जपावा लागतो. 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजाने हिंदी महासागरातून गोळा केलेल्या अशा प्रवाळांची वर्णने जे. आर्थर थॉमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1906 आणि 1909 साली प्रसिद्ध केली. त्यातली कित्येक नावे पुढे बदलली. 2022 मध्ये तर आठ बाहूंच्या प्रवाळांची सगळी मांडणीच नव्याने झाली. नमुना, ठिकाण, खोली, तारीख आणि ओळखणाऱ्याचे नाव जिथे जपले आहे, तिथली चूक शंभर वर्षांनीही दुरुस्त होते. नुसत्या छायाचित्रावर किंवा ऐकीव माहितीवर केलेली नोंद पुन्हा तपासायची कशी?

मित्राला हे सांगितले तेव्हा तो घाबरला. "पण मी तर जडी म्हणून घेतली!" मी म्हटले, "विकणाऱ्याने जडी म्हटल्याने प्राण्याची जडी होत नाही." त्याच दिवशी चौकट उतरली आणि आम्ही दोघे ती घेऊन वनखात्याच्या कार्यालयात गेलो.

तुमच्या ओळखीच्या कोणाच्या भिंतीवर अशी जाळी असेल, तर ती विकू देऊ नका, भेटही देऊ देऊ नका, वनखात्याला कळवा. आणि कुणी एखाद्या वस्तूचे नाव सांगितले, तर ते कोणी आणि कशावरून ठरवले, एवढे जरूर विचारा.