वजन बरोबर, मग साखर का वाढली?

ओळखीत कुणाला मधुमेह निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पण ते तर लठ्ठ नव्हते हो!" आपल्या लोकांच्या बाबतीत वजनकाटा अर्धीच गोष्ट सांगतो. चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे साठली आहे, हे जास्त महत्त्वाचं.

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेली बाळं तपासली, तेव्हा ती इंग्लंडच्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती. पण स्नायू जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. म्हणजे ही ठेवण पाळण्यातूनच येते. सगळा दोष पुरणपोळीचा नव्हे.

कातडीखालची चरबी चिमटीत धरता येते. आतडी आणि यकृताभोवतीची चरबी दिसत नाही, आणि खरी कुरापतखोर तीच. तिच्यातून सुटणारी स्निग्धाम्लं रक्तावाटे थेट यकृतात पोहोचतात. तिथे आणि स्नायूंत चरबी साचली की इन्सुलिनचा निरोप नीट लागू होत नाही. पोटभर जेवण झालेलं असतं, तरी यकृत साखर तयार करतच राहतं. स्वादुपिंड मग जास्त इन्सुलिन ओतून वेळ निभावतं. ही ओढाताण अनेक वर्षं चालू शकते, आणि तोवर रिपोर्ट 'नॉर्मल'च येतो.

शिवाय चरबी म्हणजे नुसतं कोठार नाही, ती एक ग्रंथीही आहे. 1994 साली लेप्टिनचा शोध लागला. 'साठा पुरेसा आहे' असं मेंदूला कळवणारं हे संप्रेरक. लठ्ठ माणसात ते भरपूर असतं, पण मेंदू दाद देत नाही. ॲडिपोनेक्टिनचं उलटं आहे. ते यकृताला आणि स्नायूंना इन्सुलिनचं ऐकायला लावतं. पण पोट वाढू लागलं की नेमकं तेच कमी होतं. फुगलेल्या चरबीत दाहक द्रव्यंही तयार होतात आणि ती इन्सुलिनच्या कामात आणखी अडथळा आणतात.

म्हणून घरात शिवणकामाची टेप असेल तर काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरच्या पुढे आकडा गेला तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी तपासून घ्यावं. पँटच्या मापावर विसंबू नका. आपले बरेच काका पँट पोटाच्या खालीच बांधतात.

रोज भरभर चालणं आणि थोडा ताकदीचा व्यायाम यांनी आतली चरबी उतरते, काटा फारसा हलला नाही तरी. नुसत्या पोटाच्या व्यायामाने ती जात नाही. शस्त्रक्रियेने कातडीखालची चरबी ओढून काढली, तरी इन्सुलिनचं काम सुधारलं नाही, असं तपासणीत दिसलं आहे.

आणखी एक खूण. मुलांच्या मानेवर किंवा काखेत काळपट, मखमली पट्टा दिसला की आया तो मळ समजून घासत बसतात. बऱ्याचदा तो इन्सुलिन वाढल्यामुळे आलेला असतो. साबण बाजूला ठेवून मुलाला डॉक्टरांना दाखवावं.