नवजात अर्भकाच्या रक्ताची साक्ष

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या वाडीवर चार दिवसांचे अर्भक एकाएकी दूध ओढीनासे होते. ताप नाही, उलट हातपाय गार लागतात आणि रडणे क्षीण होते. मोठे माणूस आपले दुखणे तोंडाने सांगते. अर्भकास ती सोय नाही. जंतुबाधा रक्तात भिनली असेल, तर काही तासांतच प्राणावर बेतते. मग हे दुखणे जंतूंचेच, हे ओळखावे कसे?

रक्तातील जंतू वाढवून पाहणे, ही खरी कसोटी. परंतु तिला एक-दोन दिवस लागतात. शिवाय अर्भकाचे रक्त थोडेच घेता येत असल्याने जंतू असूनही कित्येकदा सापडत नाहीत. म्हणून शरीर जंतूंशी झुंजू लागल्याच्या खुणा रक्तात शोधतात. त्यांतील जुनी खूण म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली टिलेट व फ्रान्सिस यांना ती न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात आढळली. हे प्रथिन यकृतात तयार होते. मात्र बाधेनंतर ते वाढण्यास सहा ते बारा तास लागतात. तेव्हा आरंभीचा निर्दोष अहवाल फसवा ठरू शकतो. प्रोकॅल्सिटोनिन ही दुसरी खूण अधिक लवकर वाढते. पण जन्मानंतरचे पहिले दोन दिवस ती निरोगी बालकातही चढलेली असते.

तात्पर्य, एकाच साक्षीवर निकाल देता येत नाही. मात्र चोवीस तासांच्या अंतराने दोनदा केलेली सी-रिॲक्टिव्ह प्रोटीनची तपासणी निर्दोष आली आणि बाळही टवटवीत असले, तर जंतुबाधेचा संभव फार थोडा उरतो. मग प्रतिजैविके बंद करता येतात. हा लाभ लहान नव्हे. कारण अकारण दिलेल्या औषधांनी जंतू निर्ढावतात, आणि खऱ्या संकटात तीच औषधे निकामी ठरतात.

असे असले, तरी पहिली परीक्षा डोळ्यांचीच. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावच्या स्त्रियांना केवळ लक्षणांवरून जंतुबाधा ओळखण्यास व औषध टोचण्यास शिकविले. घरोघरच्या या शुश्रूषेने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन अर्भके पाहतात, त्यामागे हाच धडा आहे. बाळ दूध सोडते, गार पडते, वेगाने श्वास घेते, तेव्हा रक्ताच्या अहवालाची वाट पाहत घरी थांबू नये. आधी रुग्णालय गाठावे. औषध चालू ठेवावे की थांबवावे, हे ठरविताना रक्ताची साक्ष वैद्याच्या कामी येते. परंतु बाळास वेळेवर तेथवर पोहोचविणे घरच्यांच्याच हाती असते.