लोहचुंबकाला आडपडदा

लसणाच्या संसर्गाने लोहचुंबकाची शक्ती लोपते, हा समज युरोपातील पंडितांत आणि खलाशांत इतका रुजलेला होता की, नेपल्सच्या देल्ला पोर्ताने चुंबकाला लसणाचा रस चोपडून पाहिला आणि त्याचे बळ तसूभरही उणे होत नाही असे १५८९ साली छापून प्रसिद्ध केले, तरी तो मावळावयास पुढे बराच काळ जावा लागला. लसणाचे राहो, लाकूड, काच, तांबे, शिसे यांपैकी कशाचीही स्थिर चुंबकाला अडचण वाटत नाही. चुंबकीय बलरेषेला आदी नाही आणि अंतही नाही. उत्तर ध्रुवातून निघालेली प्रत्येक रेषा दक्षिण ध्रुवात शिरून चुंबकाच्या अंतर्भागातून पुन्हा स्वस्थानी येते, आणि म्हणून तिला सरसकट मज्जाव करण्याची तजवीज व्यर्थ होय. वळचणीचे पाणी पन्हळीने वळवावे, तशी तिची वाट तेवढी बदलता येते, आणि ही पन्हळ म्हणजे मृदू लोखंड.

परंतु पन्हळही तुडुंब भरते. लोखंडात सुमारे दोन टेस्लापर्यंतच क्षेत्र मावते. पत्रा पातळ असला तर तो लवकर संपृक्त होतो आणि उरलेले क्षेत्र पलीकडे सांडते. १९८०च्या दशकाच्या आरंभी जपानात सागावा यांनी व अमेरिकेत क्रोट यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलेल्या निओडिमियम-लोह-बोरॉन चुंबकांपुढे ही अडचण नित्याची झाली आहे. अशा वेळी हौशी मंडळी निकेलबहुल म्यू-मेटलकडे धाव घेतात. दुर्बल क्षेत्राला वळवून घेण्यात तो मिश्रधातू लोखंडाहून कितीतरी सरस खरा, पण त्याची धारणशक्ती पाऊण टेस्लाच्या आसपास संपते. तेव्हा प्रबळ चुंबकालगत त्याची योजना करणे हा निव्वळ अपव्यय होय. जाड लोखंड आत, म्यू-मेटल बाहेर आणि अंतरावर, हाच क्रम योग्य. (अतिसंवाहक पदार्थ क्षेत्राला बाहेर लोटतात हे माइस्नर आणि ओक्सेनफेल्ट यांनी १९३३ साली दाखविले, मात्र त्यासाठी लागणारी कडाक्याची थंडी घरगुती कारभाराला परवडणारी नव्हे.)

याहून विलक्षण गोष्ट अशी की, परस्परांना दूर लोटणाऱ्या दोन चुंबकांमध्ये पुरेशा जाडीचा लोखंडी पत्रा ठेवला, तर त्यांचे वैर संपते खरे, पण दोघेही त्या पत्र्यालाच घट्ट चिकटून बसतात! आडपडदा तटस्थ राहत नाही, तो स्वतःच ओढला जातो. त्यामुळे ज्या यंत्रात चुंबकांनी एकमेकांची दखल घेऊ नये अशी इच्छा असते, तेथे हा पत्रा भक्कम बसवावा लागतो आणि त्याच्या ओढीचाही हिशेब मांडावा लागतो.

सर्वांत स्वस्त बंदोबस्त अंतराचा. चुंबकांच्या आकारमानाच्या मानाने ते एकमेकांपासून पुरेसे दूर असले, तर अंतर दुप्पट करताच त्यांच्यातील बल सोळाव्या हिश्श्यावर येते. म्हणूनच विमानाने चुंबक पाठविणारे त्यांचे विरुद्ध ध्रुव जोडीने लावतात, पेटीला आतून पोलादी पत्रा बसवितात आणि पत्रा व चुंबक यांच्यामध्ये जाड भराव घालतात.